जलशांच्या वह्या : पाठ, प्रयोग व परीक्षण

मराठी पोवाड्यांचें संशोधन आपल्याकडे बरेंच जुनें आहे. ॲक्वर्थ व शाळिग्राम यांचा ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ सालीं निघाला, पुढें य. न. केळकर यांनीं १९२८ पासून ‘ऐतिहासिक पोवाडे’ प्रसिद्ध करून तें काम पुष्कळच पुढें नेलें. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा व तुळशीदासाचा तानाजीचा पोवाडा हे आज इतिहासाचीं साधनें म्हणून मान्य झाले आहेत. गोंधळ्याच्या तोंडचा पाठ कितपत विश्वसनीय मानावा, याविषयीं मतभेद असतील. परंतु गोंधळ्याची वही दप्तरांत जतन करण्याजोगी आहे, याविषयीं आतां कोणी शंका घेत नाहीं. त्याच पोवाड्याचा, त्याच तमाशाच्या बांधणीचा व त्याच डफतुणतुण्याचा उपयोग करून ज्यांनीं पुढें गांवोगांव माणसें जमविलीं आणि न्यायाच्या कामास लाविलीं, त्या सत्यशोधकी व आंबेडकरी जलसेकारांच्या वह्यांस मात्र संग्राहकांकडून तसा मान मिळालेला नाहीं. हें वाङ्मय कोणत्या कसोटीनें पारखावें व त्याची संहिता कशी सिद्ध करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या वाङ्मयावर दोन आक्षेप नेहमीं घेतले जातात. पहिला असा कीं, हा प्रचार आहे, काव्य नव्हे. दुसरा असा कीं, याचा पाठ अशुद्ध व अस्थिर असून त्यांतून मूळ संहिता काढतां येत नाहीं. हे दोन्ही आक्षेप एके काळीं माझेच होते, हें आरंभींच सांगून टाकणें बरें.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं मी एका तालुक्याच्या गांवीं संस्कृत व मराठी शिकवीत होतों. माझ्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे आजोबा एके दिवशीं शाळेंत आले व त्यांनीं फडक्यांत बांधलेली एक वही माझ्यापुढें ठेवली. “गुरुजी, आमच्या जलशाची वही आहे. तुमच्या हातानं नीट उतरून मिळाली तर बरं होईल,” असें ते म्हणाले. मीं चार पानें चाळलीं. ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नव्हता. एका पदाचीं दोन कडवीं खोडून बाजूस निराळीं लिहिलीं होतीं. एका ठिकाणीं गांवाचें नांव खोडून दुसरें, आणि तेंहि खोडून तिसरें घातलें होतें. “बाबा, यांतलें खरें कोणतें तें आधीं ठरवून आणा, मग पाहूं,” असें म्हणून मीं वही परत केली. “सगळंच खरं हाय, गुरुजी. जसं गांव तसं गाणं,” एवढेंच बोलून त्यांनीं वही पुन्हां बांधली. दोनतीन वर्षांनीं मला त्या वहीची आठवण झाली, तेव्हां आजोबा वारले होते व घर नव्यानें बांधतांना वही रद्दींत गेली होती. त्यांचें तें वाक्य नीट समजण्यास मला पुढें बरीच वर्षें लागलीं.

आतां पहिल्या आक्षेपाचा विचार करूं. ज्या शास्त्राच्या बळावर तो घेतला जातो, त्या शास्त्राचा त्यास आधार नाहीं. मम्मटानें काव्याचीं जीं प्रयोजनें सांगितलीं आहेत त्यांत यश व अर्थ यांच्या जोडीस व्यवहारज्ञान, अमंगलाचा नाश व उपदेश हींहि आहेत. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायांत नाट्याची उत्पत्ति सांगतांना भरतमुनि असें म्हणतात कीं, शूद्रांस वेदश्रवणाचा अधिकार नसल्यामुळें सर्व वर्णांसाठीं पांचवा वेद निर्माण व्हावा अशी प्रार्थना देवांनीं केली. म्हणजे ज्यांस ज्ञानापासून दूर ठेवलें त्यांच्यापर्यंत ज्ञान पोंचविणें, हें आपल्या परंपरेंत नाट्याचें जन्मप्रयोजनच आहे. जलसेकारांनीं नाट्यशास्त्र वाचलें होतें असें माझें म्हणणें नाहीं. परंतु ज्यांनीं तें वाचलें आहे त्यांनीं तरी जलशास केवळ हेतुयुक्त म्हणून काव्याबाहेर घालवूं नये. गणेशोत्सवांतील मेळ्यांचीं पदें उघड राजकीय होतीं. तीं आपण राष्ट्रीय वाङ्मय म्हणून संग्रहीं ठेवतों. मग जातिभेदाविरुद्धचें पद तेवढें ‘प्रचार’ कां ठरावें?

मम्मटानें उपदेशाची त्रिविध वर्गवारी केली आहे. वेदाचा प्रभुसंमित, पुराणेतिहासाचा सुहृत्संमित आणि काव्याचा कान्तासंमित. जलशाचा उपदेश यांपैकीं कोणता, हा प्रश्न मनोरंजक आहे. तो राजाज्ञेसारखा नाहीं हें उघड आहे. लाडीगोडीनें वळविणारा असाहि तो नाहीं, कारण लाडीगोडीस पुरेसा वेळ ऐकणाऱ्याजवळ नव्हता. मला वाटतें, तो सुहृत्संमिताच्याहि जरा पलीकडचा आहे. बोलणारा व ऐकणारा दोघे एकाच पंक्तींतून उठविलेले, एकाच पाणवठ्यावरून हांकललेले, एकाच सावकाराचे ऋणको. ‘तूं असें कर’ एवढें म्हणून जलसा थांबत नाहीं; ‘आपण उद्यां असें करूं’ असें तो म्हणतो. या ‘उद्यां’ शब्दांत त्याची कसोटी आहे. जलसा संपल्यावर ऐकणाऱ्यास करण्याजोगें कांहीं काम हातीं येतें कीं नाहीं, हें परीक्षकानें प्रथम पाहावें.

या परंपरेच्या उगमाशीं जोतीराव फुले यांचें ‘तृतीय रत्न’ हें नाटक उभें आहे. तें त्यांनीं १८५५ सालीं लिहिलें व दक्षिणा प्राइज कमिटीपुढें ठेविलें. कमिटीनें तें नाकारलें. छापील रूपानें तें वाचकांपुढें आलें तें १९७९ सालीं, म्हणजे लिहिल्यापासून तब्बल सव्वाशें वर्षांच्या सुमारास. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं या अंतराचा जरूर विचार करावा. मराठी नाट्यवाङ्मयाचे कितीएक इतिहास या नाटकाची संहिता हातीं नसतांनाच लिहिले गेले. नाटकाचें कथानक साधें आहे. एक जोशी एका गरोदर कुणबी बाईस व तिच्या नवऱ्यास ग्रहांची भीति घालून लुबाडतो. विदूषक मधूनमधून त्याचें पितळ उघडें पाडीत असतो. अखेरीस तें दांपत्य प्रौढांच्या रात्रीच्या शाळेंत जाण्याचें ठरवितें. संस्कृत नाटक भरतवाक्यानें संपतें व प्रेक्षक आशीर्वाद घेऊन घरीं जातो. येथें प्रेक्षकास शाळेचा दरवाजा दाखविला आहे, आणि ती शाळा रचलेली नसून पुण्यांत खरीच चालू होती. रचनेच्या दृष्टीनें या नाटकांत प्रवेशांची सफाई नाहीं, संवाद लांबतात, हे दोष मान्य करूनहि शेवटाची ही योजना मला फार महत्त्वाची वाटते. पुढील सर्व जलशांचें बीज तींत आहे.

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास झाली व त्याच वर्षीं २५ डिसेंबरला भटजीवांचून पहिला विवाह लागला. असे विवाह लावावयाचे तर उपाध्याय नको म्हणून भागत नाहीं. मांडवांत म्हणावयास कांहीं तरी हवें. ती गरज ओळखून फुल्यांनीं मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका १८८७ सालीं काढली. संस्कृत मंगलाष्टकांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांनीं हीं मराठी अष्टकें जवळ ठेवून वाचावीं. एकीकडे देवता, नद्या व पर्वत यांच्याकडे मंगलाची याचना. दुसरीकडे वधू व वर यांचें परस्परांशीं बोलणें, आणि त्यांत वधूनें स्त्रियांच्या हक्कांची केलेली मागणी. शार्दूलविक्रीडिताचा डौल कानांत बसलेल्यास या अष्टकांची भाषा ओबडधोबड वाटेल. परंतु ही पुस्तिका हातीं असली कीं चार शहाण्या माणसांच्या खेड्यास कोणाच्या परवानगीवांचून लग्न लावतां येई. काव्यानें समाजाची संघटना बांधणें म्हणजे काय, याचें याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाहीं.

या पायावर पुढें सत्यशोधकी जलसे उभे राहिले. ओतूरचे भीमराव महामुनी हे आद्य जलसाकारांत गणले जातात. १९११ सालीं कोल्हापुरास शाहू छत्रपतींच्या आश्रयानें सत्यशोधक समाजाचें पुनरुज्जीवन झालें, त्यानंतर जलशांस विशेष जोर चढला. जलशांची बांधणी तमाशाची होती. तमाशांत आधीं गण, मग गवळण, मग बतावणी व शेवटीं वग, हा क्रम प्रेक्षकाच्या अंगवळणीं पडलेला असे. जलसेकारांनीं हा सांगाडा मोडला नाहीं. त्याच्या एकेका खणांतील सामान बदललें. गणाचा अर्थ पालटला. गवळणीचा शृंगार गेला किंवा क्षीण झाला. वगांतील राजाराणीच्या जागीं शेतकरी, कुलकर्णी, सावकार व भटजी आले. सोंगाड्या मात्र राहिला, कारण मोठ्यांस तोंडावर बोलण्याची मुभा लोकांनीं त्याला पिढ्यान् पिढ्या दिलेली होती. हें धोरण चतुर होतें. सभा म्हटली कीं खेडूत बिचकतो. तमाशा म्हटला कीं तो कांबळें घेऊन येतो. एकदां तो येऊन बसला, ओळखीची ढोलकी व ओळखीची चाल त्यानें ऐकली, म्हणजे अनोळखी विचारासाठीं त्याचें मन मोकळें होई.

आंबेडकरी जलशांनीं हाच मार्ग पुढें नेला व अधिक कडक केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजीं झाला. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजीं सुरू झाला. त्याच नाशिक जिल्ह्यांतील भीमराव कर्डक यांनीं या सुमारास आपला जलसा उभा केला आणि पुढें ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हें पुस्तक १९७८ सालीं लिहून त्याचा वृत्तांत स्वतःच दिला. कलावंतानेंच आपल्या कलेचें दप्तर लिहून ठेवावें, हा योग आपल्याकडे विरळाच. सत्याग्रहास माणसें लागतात, आणि ज्या वस्तींत वर्तमानपत्र पोंचत नाहीं व पोंचलें तरी वाचणारा नाहीं, तेथें माणसें जमविण्याचें काम जलशानें केलें. वेठबिगार, महारवतन, मेलेल्या जनावराचें मांस, मुलांची शाळा, हे विषय बतावणींतून व वगांतून मांडले गेले. महारवतनें कायद्यानें रद्द होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. पण वतन हा मान नसून बेडी आहे, हें वस्तीला पटविण्याचें काम कायद्याच्या पुष्कळ आधीं ढोलकीच्या साथीनें चाललें होतें. मुंबईच्या कामगारवस्तींत अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनीं १९४४ सालीं उभें केलेलें लाल बावटा कलापथक हें याच कुळांतलें. अण्णाभाऊंनीं गणांत गणेशाच्या जागीं मातृभूमीस व श्रमिकांस वंदन घातलें. खण जुना आणि सामान नवें, ही सत्यशोधकांची युक्ति तेथेंहि दिसते.

येथवर गुण सांगितले. परीक्षकानें दोषहि सांगितले पाहिजेत, नाहीं तर परीक्षणाचें स्तोत्र होतें. पहिला दोष उपहासाचा. नाट्यशास्त्राच्या अखेरच्या भागांत अशी कथा आहे कीं, भरताचे पुत्र आपल्या विद्येच्या मदांत ऋषींची टवाळी करणारे प्रयोग करूं लागले, तेव्हां ऋषींनीं त्यांस शूद्र होण्याचा शाप दिला. बलवंतांस हंसलें तर शिक्षा होते, असा या कथेचा एक अर्थ निघतो, आणि जलसेकारांस तो अनुभवानें ठाऊक होता. पण तिचा दुसराहि अर्थ आहे. हास्याचा रोख अन्यायावरून ढळून माणसांच्या एखाद्या वर्गावर, विशेषतः त्या वर्गांतील स्त्रियांवर गेला, कीं नाट्याचा धर्म सुटतो. कांहीं सत्यशोधकी पदांत ब्राह्मण स्त्रियांविषयीं जो मजकूर आहे तो याच कोटींतला आहे. स्त्रियांसाठीं शाळा काढणाऱ्या फुल्यांच्या वारसांस तो शोभत नाहीं.

दुसरा दोष अधिक खोल आहे व तो सहसा ध्यानांत येत नाहीं. जलसा प्रतिष्ठित व्हावा म्हणून आंबेडकरी जलसेकारांनीं लावणी व नाच काढून टाकले. स्त्रीपात्रें पुरुषच करीत. तमाशांतील स्त्रियांच्या अब्रूचा बाजार थांबावा हा हेतु स्तुत्यच होता. पण तमाशांत नाचणाऱ्या, गाणाऱ्या स्त्रिया बव्हंशीं त्याच दलित व भटक्या जातींतल्या होत्या. त्यांची कला जलशाच्या पायाशीं होती आणि जलशाच्या मंचावर मात्र त्यांस जागा नव्हती. न्यायासाठीं निघालेल्या या कलेनें आपल्याच घरांतील कलावतीस दाराबाहेर ठेवलें, हें नमूद केल्यावांचून तिचा इतिहास पुरा होत नाहीं.

तिसरा दोष काळाच्या ओघांत आला. पुढील कित्येक पदांत गाऱ्हाणें कमी होऊन गौरव वाढला. नेत्याविषयींची कृतज्ञता हा खरा भाव आहे व त्यांतून चांगलीं पदें झालीं आहेत. तथापि नुसत्या गौरवाच्या पदांत गांवाचें नांव खोडून दुसरें घालण्याची गरज उरत नाहीं. तें कोठेंहि तसेंच म्हणतां येतें. ज्या पदांत बदलण्याजोगें कांहीं नाहीं, त्यांत त्या गांवच्या माणसानें करण्याजोगेंहि कांहीं उरलेलें नसतें.

आतां दुसरा आक्षेप, पाठाचा. ज्यांचें शिक्षण संस्कृतांत झालें आहे त्यांच्यापुढें भांडारकर संस्थेच्या महाभारताचा आदर्श असतो. सुखटणकरांनीं १९२५ पासून त्या कार्याची धुरा वाहिली, १९३३ सालीं आदिपर्व पूर्ण केलें, आणि त्यांच्या पश्चात् १९६६ सालीं संहितेचें संपादन पुरें झालें. प्रतींचीं कुळें लावावयाचीं, प्रक्षेप वेगळे काढावयाचे आणि उपलब्ध प्रतींच्या आधारें जास्तींत जास्त प्राचीन पाठापर्यंत मागें जावयाचें, ही ती पद्धति. महाभारतास ती योग्यच आहे. पण तीच जलशाच्या वहीस लाविली तर आपण नेमकें तेंच फेंकून देऊं, ज्यासाठीं वही जपावयाची. जलशाच्या वहींतील खाडाखोड हा बहुधा लेखकप्रमाद नसतो. या गांवीं पाण्याचा तंटा आहे, पुढच्या गांवीं शाळेचा, त्यापुढच्या गांवीं सावकाराचा. म्हणून कडवें बदललें. तेथें मूळ पाठ व प्रक्षेप हा भेदच लागू पडत नाहीं. प्रत्येक पाठ त्या त्या रात्रीचा मूळ पाठ आहे. ‘जसं गांव तसं गाणं’ या शब्दांत त्या वृद्ध गृहस्थांनीं संपादनाचें तत्त्वच मला सांगितलें होतें, आणि मीं त्यांस ऱ्हस्वदीर्घ विचारीत बसलों.

सबब अशा वह्या ज्यांच्या दृष्टीस पडतील त्यांनीं पुढील गोष्टी पाळाव्या, अशी सूचना आहे. खोडलेला मजकूर वाचतां येईल तेवढा उतरून घ्यावा व तो खोडलेला आहे हें दाखवावें. पाठभेद एकत्र करून एक ‘शुद्ध’ पद बनवूं नये. प्रत्येक पाठ त्याच्या गांवाच्या नांवासह निराळा द्यावा. पदाच्या डोक्यावर जी ‘चाल’ दिलेली असते ती केव्हांहि गाळूं नये. ती गायकासाठीं असली तरी संशोधकास कालनिर्णयाचें उत्तम साधन आहे. ‘कुंकू’ हा बोलपट १९३७ सालीं निघाला. त्यांतील गाण्याची चाल ज्या पदास लाविली आहे तें पद त्या रूपांत त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं. ही वर्षाची खालची मर्यादा कागदाच्या परीक्षेपेक्षां कितीतरी नेमकी आहे. वहींत मधूनच हिशेब आढळतात : कोणत्या गांवीं किती बिदागी मिळाली, तेल किती, गाडीभाडें किती. तो मजकूर क्षुल्लक समजूं नये. जलसा कोणत्या वाटेनें गेला तें त्यावरून कळतें. साथीदार हयात असतील तर चाल ध्वनिमुद्रित करून घ्यावी. आणि या पथकांजवळून उठून गेलेल्या किंवा त्यांत न घेतलेल्या स्त्रियांच्या आठवणीहि विचाराव्या, कारण त्यांच्या वह्या बहुधा नसतात.

राजवाड्यांनीं १८९८ पासून इतिहासाच्या साधनांचे खंड काढले, तेव्हां त्यांतील कितीएक कागद मालकांच्या लेखीं रद्दीच होते. ती रद्दी नव्हे हें ओळखणारा वेळेवर आला म्हणून तीं साधनें झालीं. जलशांच्या वह्यांची गोष्ट तीच आहे. फरक एवढाच कीं, त्या वाड्यांच्या माळ्यांवर नसून वस्त्यांतल्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत व तेथें कागद लवकर सडतो. त्यांचे मालक आपण होऊन संशोधकाकडे फारसे येणार नाहींत. एकदां आलेले कसे परत गेले तें मीं वर सांगितलें आहे. म्हणून आपणच त्यांच्याकडे जावें, बसावें, पद म्हणावयास सांगावें, आणि ऐकत असतां मध्यें कोणताहि शब्द दुरुस्त करूं नये.